रिकाम्या खुर्चीचा आलेख

१

कान तपासण्याच्या त्या दवाखान्यात सगळ्यात म्हातारं कोण, असं कुणी विचारलं की डॉक्टर स्वतःकडे बोट दाखवायचे आणि तपासणी करणारी ताई कॉम्प्युटरकडे. ताईचंच बरोबर होतं. डॉक्टरांनी निदान दोनदा चष्मा तरी बदलला होता. कॉम्प्युटरने वीस वर्षांत काहीही बदललं नव्हतं. त्याची सिस्टीम इतकी जुनी होती की ती बनवणाऱ्यांनीसुद्धा तिच्याबाबत कधीच हात झटकले होते. चालू केला की आधी आतून घरघर, मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी, मग निळा पडदा, आणि शेवटी मधोमध एक चौकट, जी 'ओके' दाबल्याशिवाय जागची हलत नसे. त्या चौकटीत काय लिहिलेलं असतं, हे ताईने कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं. इंटरनेटशी त्याचा संबंध नव्हता आणि माउसच्या पोटात रबरी गोळी होती, ती दर आठवड्याला काढून पुसावी लागे.

"ताई, हे एखाद्या संग्रहालयाला देऊन टाका की," असं तपासणीला आलेलं कुणी ना कुणी म्हणायचंच.

"देते ना," ताई म्हणायची, "पण ते मलाही ठेवून घेणार असतील तरच."

कॉम्प्युटर न बदलण्याचं कारण ती सगळ्यांना सांगायची ते खोटं नव्हतं. तपासणीचे आवाज काढणारं कार्ड त्याच्या पोटात बसवलेलं होतं, आणि ते नव्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये बसत नव्हतं. पण खरं कारण मनी होती.

मनी म्हणजे ताईची नऊ वर्षांची मुलगी. पाचव्या वर्षी तिला ताप आला आणि जाताना डावा कान घेऊन गेला. उजवा मात्र शाबूत राहिला. "या उजव्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ताई स्वतः मनीचा कान तपासायची, याच मशीनवर. दुसऱ्या मशीनवर पाच-दहा डेसिबलचा फरक आला तर तो कानाचा की मशीनचा, हे कुणाला कळणार होतं? मायलेकी दोघीच राहत होत्या. मनीचा तो एक कान म्हणजे ताईचा अर्धा जीव होता, आणि डॉक्टरांना ते ठाऊक असल्यामुळे त्यांनी कॉम्प्युटरचं नाव काढलं नव्हतं.

पण आता त्यांनीही हात टेकले होते. येत्या सोमवारी नवं मशीन येणार होतं. जुनं भंगारात जाणार होतं.

२

दवाखान्याच्या मागच्या बाजूला काचेची खिडकी असलेली एक बंद खोली होती. तिच्या भिंतींना जाड गादी होती आणि दार फ्रीजच्या दारासारखं चिकटून बसायचं. सगळे तिला पेटी म्हणायचे. पेटीत एक खुर्ची, कानांवर लावायचा हेडफोन आणि वायरीला लटकणारं एक बटण. बाहेर ताईचं टेबल, कॉम्प्युटर, पेटीतल्या माणसाशी बोलायचा माईक आणि एक हिरवा दिवा. आतल्या माणसाने आवाज ऐकून बटण दाबलं की दिवा लागायचा. मग ताई आवाज आणखी बारीक करायची. जितका बारीक आवाज ऐकू येईल तितका वर ठिपका. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. वर म्हणजे चांगलं, तळाला म्हणजे गेलेलं. आलेख तो एवढाच.

सकाळी कार्ड गार असताना आवाज फाटायचा. म्हणून रोज पहिली दहा मिनिटं ताई मशीन रिकाम्या पेटीवर चालवायची. 'ऑटो' दाबलं की मशीन आपलं आपण एकेक आवाज काढत जायचं, बटणाची वाट बघायचं, कुणी दाबलं नाही की आवाज वाढवायचं आणि शेवटी हरून तळाला ठिपका टाकायचं. तेवढ्यात ताईचा चहा व्हायचा. परतून येईपर्यंत पडद्यावर तळाला एक सपाट रेघ असायची. 'जतन करायचं का?' या प्रश्नाला ती 'नाही' दाबायची आणि पहिल्या माणसाला आत बोलवायची. चार वर्षं हा शिरस्ता होता.

त्या दिवशी ती चहाचा कप घेऊन आली तेव्हा हिरवा दिवा लागलेला होता.

ती दारातच थांबली. दिवा विझला. दोन क्षणांनी परत लागला.

पेटीच्या खिडकीतून खुर्ची दिसत होती. खुर्चीत कुणी नव्हतं. हेडफोन खुंटीवर होता आणि बटण त्याच्याखाली लोंबत होतं. पडद्यावर मात्र तळाच्या रेघेच्या बऱ्याच वर, एकामागून एक, चार निळ्या फुल्या पडल्या होत्या.

"घ्या," ताई मोठ्याने म्हणाली, "आता रिकाम्या खोलीलाही ऐकू यायला लागलं." असं मोठ्याने म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं. बटण अडकलं असेल, वायर ओलावली असेल. तिने 'नाही' दाबलं आणि कामाला लागली. चहा मात्र तसाच राहिला.

३

दुसऱ्या दिवशी सहा फुल्या आल्या. तिसऱ्या दिवशी ताईने फ्लॉपीकाकांना बोलावलं.

फ्लॉपीकाकांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. असली जुनी मशीनं उघडायची हिंमत असलेला तो आसपासचा एकच माणूस होता, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात अजूनही एक फ्लॉपी असायची. त्यांनी बटण उघडलं, फुंकर मारली, वायर बोटांनी चाचपली.

"शॉर्ट होत असेल," ते म्हणाले. "बटण जुनं झालंय. काढूनच टाकतो. परवा नवीन आणून लावेन."

"पण काका, डाव्या बाजूलाच का? उजवीकडे एकसुद्धा नाही."

"ताई, तुम्ही माणसांचे कान बघता, मी यंत्रांचे. यंत्राला डावंउजवं कळत नाही." मग त्यांनी कॉम्प्युटरच्या बाजूला कान लावला. आतली घरघर ते बराच वेळ ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे मात्र खरं दुखणं आहे. डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. आता याला बंद करू नका. रात्रीसुद्धा चालूच ठेवा. एकदा बंद केलंत तर परत उठणार नाही, आणि आत जे काही आहे ते गेलं म्हणून समजा."

ताईने मान डोलावली. आत मनीचे सगळे आलेख होते.

बटण काढून टाकल्यावर पेटीत नुसता हेडफोन राहिला. दुसऱ्या सकाळी ताई चहाला गेली नाही. ती टेबलाशी बसून राहिली आणि तिने 'ऑटो' दाबलं. पहिला आवाज. काही नाही. आवाज वाढला. वायरीच्या टोकाला आता बटणच नव्हतं.

दिवा लागला.

काकांना फोन करावा म्हणून तिने हात पुढे केला, पण नजर पडद्यावरून हटेना. फुल्या एकेक करून पडत होत्या आणि रेघ पूर्ण होत होती. डावीकडच्या जाड स्वरांपासून निघून सरळ वरच्या वर चाललेली, मध्येच एका ठिकाणी जराशी खाली वाकून पुन्हा वर गेलेली. चांगला कान होता. लहान मुलाचा असावा इतका चांगला. ताईने आजवर हजारो आलेख पाहिले होते, आणि दोन माणसांचे आलेख कधी तंतोतंत सारखे नसतात हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तो मधला वाक बघून ती उठली.

कपाटातली जुनी फाइल तिने काढली. मनी चार वर्षांची असताना, ताप यायच्या आधी, शाळेत घालायचं म्हणून गमतीत एक तपासणी केली होती. त्याचा पिवळा पडलेला कागद तिने पडद्याशेजारी धरला. डावा कान. निळ्या फुल्या. तोच वाक.

४

कुठलंही डोकं अशा वेळी जे करतं तेच ताईच्या डोक्याने केलं. ते कारणं शोधायला लागलं. जुना आलेख मशीनमध्ये होताच, डिस्क खराब झाली, म्हणून मशीन जुनाच आलेख परत काढतंय. बस्स. एवढं साधं. पण मग इतक्या लोकांच्या आलेखांमधून मनीचाच का?

याचं उत्तर तिला माहीत होतं, आणि ते स्वतःशी म्हणायला तिला अर्धा दिवस लागला.

ते जुनं सॉफ्टवेअर नंबर दिल्याशिवाय हलत नसे. रिकामी पेटी चालवायची तरी कुणाचा तरी नंबर टाकावा लागे. पहिल्या दिवशी, घाईत, ताईने तोंडपाठ असलेला एकमेव नंबर टाकला होता. चारशे सतरा. मनीचा. शेवटी 'नाही' दाबायचंच होतं, काही साठणार नव्हतं, मग कुठला का नंबर असेना. पुढे बोटांना सवय लागली. चार वर्षं, रोज सकाळी, तिने मनीचा नंबर टाकून खुर्चीत कुणालाही बसवलं नव्हतं. रोज मशीनने चारशे सतराला हाक मारली होती, आणि रोज तिथे कुणी नव्हतं.

आता कुणीतरी होतं.

त्या दुपारी तिने 'रिकामी' या नावाने नवा नंबर उघडला. दुसऱ्या दिवशी तो चालवला. तळाला सपाट रेघ, एकही फुली नाही. तिच्या जिवात जीव आला. नवं बटण लावायला आलेल्या काकांना तिने त्या आनंदात चहा पाजला, आणि ते म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

ते गेल्यावर तिने सहज म्हणून चारशे सतराची यादी उघडली. मनीची मागची तपासणी तीन महिन्यांपूर्वीची. तीच शेवटची ओळ असायला हवी होती. तिच्याखाली आणखी नऊ ओळी होत्या. तपासण्या जतन केलेल्या होत्या. पहिली काका आले त्या रात्रीची, ज्या रात्रीपासून कॉम्प्युटर बंद होत नव्हता. वेळा सगळ्या दवाखाना बंद असतानाच्या.

तिने एकेक उघडली. डावा कान पहिल्यापासूनच पूर्ण होता. उजव्याचे लाल गोल सुरुवातीला तळाशी होते. पुढच्या तपासणीत थोडे वर, त्याच्या पुढच्यात आणखी थोडे वर. पाच-पाचने, न चुकता, एकेक पायरी चढल्यासारखे.

५

त्याच संध्याकाळी मनीच्या बाईंचा फोन आला. "घरी सगळं ठीक आहे ना? हल्ली मनीचं लक्ष नसतं वर्गात. दोन-दोनदा हाक मारावी लागते."

मनी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. ताई तिच्या मागे, चार पावलांवर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मने, आइस्क्रीम खायचं?"

मनी रंगवत राहिली.

"मने." जरा मोठ्याने.

"अं?" मनी वळली. "काय म्हणालीस?"

ताई म्हणाली, काही नाही. मुलं रंगवायला बसली की त्यांना कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही, हे तिने हजार आयांना सांगितलं होतं. आज ती ते स्वतःला सांगत होती आणि तिला ते पटत नव्हतं. ती मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडावर पदर धरून रडली. तिला भीती वाटत होती. साधी, लहानपणची, काळोखाची भीती, आणि ती सांगायची कुणाला? डॉक्टर सोमवारपर्यंत परगावी होते. दुसऱ्या दवाखान्यात दहा दिवसांनंतरची वेळ मिळत होती. आणि काय सांगणार होती ती? माझ्या मुलीचा कान रिकामी खुर्ची घेऊन चालली आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखान्यात कुणी नसताना, ती स्वतः पेटीत जाऊन बसली. तिचं तर्कशास्त्र सरळ होतं. नवा नंबर, ऑटो, बटण हातात, कान स्वतःचे. मशीन बरोबर मोजतंय की नाही ते तरी कळेल. मशीनच चुकत असेल तर बाकी सगळं खोटं.

दार चिकटून बंद झालं. पेटीत शांतता इतकी असायची की माणसाला स्वतःचं रक्त ऐकू यायचं. आवाज सुरू झाले. ती बटण दाबत गेली. उजवा झाला, डावा झाला. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मग हेडफोनमध्ये खट् झालं.

तो आवाज ती ओळखत होती. बाहेरच्या टेबलावरची माईकची कळ दाबली की आत असाच खट् व्हायचा. ती कळ दाबून धरावी लागे, सोडली की माईक बंद. आता माईक चालू होता. तिला बाहेरची खोली ऐकू येत होती. भिंतीवरचं घड्याळ. कॉम्प्युटरची घरघर. कुणी बोलत नव्हतं. ज्याने कळ धरली होती तो, किंवा ती, गप्प राहून ऐकत होती.

मग कीबोर्ड वाजला. तीन कळा, मध्ये सारखं अंतर, आणि मग एक मोठी, एंटरची. ताईला आकडे बघायची गरज नव्हती. चार वर्षं रोज सकाळी तिच्याच बोटांनी त्या तीन कळा याच लयीत दाबल्या होत्या.

तिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. टेबलाशी खुर्ची होती, तिच्यात कुणी नव्हतं. पण माईकची कळ खाली गेलेली होती. ताई बघत असताना ती सावकाश, कुणीतरी बोट उचलावं तशी, वर आली.

हेडफोनमध्ये परत खट् झालं.

पेटीतून ती कशी बाहेर आली ते तिला नंतर आठवेना. गुडघा कुठेतरी आपटला होता. खोलीत कुणी नव्हतं. जुनी कळ आहे, स्प्रिंग गेली असेल, अडकत असेल, असं ती म्हणत राहिली. पडद्यावर मनीची यादी उघडलेली होती. त्या नऊ ओळींखाली दहावी आली होती. ताईने ती उघडली नाही.

६

शनिवारी मनीची तीन महिन्यांची तपासणी होती.

मनीला त्या खोलीच्या आसपासही न्यायचं नाही, असं ताईने शुक्रवारी रात्रभर ठरवलं होतं. आणि सकाळी तिने मनीची वेणी घातली तेव्हा कुकरच्या शिट्टीला मनीने मान वळवली नाही. भीती दोन होत्या. त्यांतली मोठी जिंकली. कान उतरला असेल तर कळायला हवं होतं, आजच, आणि याच मशीनवर, कारण तुलना करायची तर ती इथेच होणार होती. सोमवारी ते भंगारात जाणार होतं.

तिने पेटीचं दार लावलं नाही. सताड उघडं ठेवून त्याला स्टूल टेकवलं. 'ऑटो'ला हात लावला नाही. मनीला खुर्चीत बसवलं, टेबलाकडे पाठ करून, कारण तपासणाऱ्याचे हात दिसले की मुलं अंदाजाने बटण दाबतात. हेडफोन घातला, बटण हातात दिलं, तिच्या समोर वाकून ओठ नीट हलवत म्हणाली, "ऐकू आलं की दाबायचं. नेहमीसारखं."

"माहितीये गं," मनी म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने.

ताई टेबलाशी बसली. चारशे सतरा. उजवा कान. तिने मोठ्या आवाजापासून सुरुवात केली. साठ.

दिवा लागला.

चाळीस. दिवा लागला. वीस. लागला. ताईचा श्वास सुटला. दहा. लागला. पाच. लागला. तिला हसू यायला लागलं, डोळे भरून आले. मनीला ऐकू येत होतं. वर्गात लक्ष नव्हतं एवढंच, रंगवण्यात गुंगली होती एवढंच. आई म्हणून ती मूर्खासारखी घाबरली होती. पुढचा स्वर. लागला. त्याच्या पुढचा. लागला. इतका चांगला कान तिने आयुष्यात मोजला नव्हता. आलेखात शून्याच्याही वर, जिथे कुणालाच ऐकू येत नाही तिथे, तिने गंमत म्हणून एक आवाज दिला.

दिवा लागला.

ताईने मान वर केली. मनी दोन्ही हातांनी वेणीची रिबीन सोडत बसली होती. बटण तिने केव्हाच खुंटीला अडकवून ठेवलं होतं.

"आई," मनी मागे न बघता ओरडली, "सुरू कर ना! किती वेळ?"

७

ताईने तिला पेटीतून ओढून बाहेर काढलं, हेडफोन फेकला आणि छातीशी धरलं. मनीला कळेना काय झालं. ताईने तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "मने."

मनी मागे सरून तिच्या ओठांकडे बघू लागली. "काय? नीट बोल ना."

टेबलावर हिरवा दिवा लागून विझला.

"मने," ताई आणखी हळू म्हणाली, जवळजवळ नुसत्या श्वासाने. समोर मनीचे डोळे तिच्या तोंडावर खिळलेले होते, कोऱ्या, समजून घ्यायला धडपडणाऱ्या चेहऱ्यात. पलीकडे दिवा लागला. लगेच लागला, वाट बघत असल्यासारखा.

ताई उठली आणि कॉम्प्युटरच्या मागे गेली. बटण, हेडफोन, सगळ्या वायरी तिने उपटल्या. फक्त विजेची वायर आणि स्विच राहिला. तिने स्विचवर बोट ठेवलं. बंद केलंत तर परत उठणार नाही, काका म्हणाले होते, आत जे काही आहे ते गेलं म्हणून समजा. आत काय होतं? आतून सुटलं तर ते मनीकडे परत येणार होतं, की घरघर थांबली की त्याच्याबरोबर कायमचं संपणार होतं? हे सांगणारा माणूस जगात नव्हता. मनीचा कान या खोलीत कुठेतरी होता. सगळाच्या सगळा, ताप यायच्या आधीसारखा, दोन्ही बाजूंचा. तो ताईला ऐकत होता. आणि तो संपवायचा की नाही, हे तिच्या बोटावर होतं.

डिस्क घरघरत होती. मनीने येऊन तिची बाही धरली. "आई, घरी जाऊया ना," ती सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. ताईने असा आवाज रोज ऐकला होता, पण तो या तोंडून कधीच नाही.

दुसऱ्या हाताने तिने माईकची कळ दाबली. पेटी आता रिकामी होती आणि हेडफोन जमिनीवर पडला होता.

"मने," ती म्हणाली, "ऐकू येतंय तुला?"

दिवा लागला.

"घाबरू नकोस हं. मी इथेच आहे."

दिवा लागला, आणि या वेळी बराच वेळ तसाच राहिला.

मनी बाही ओढत होती. तिला आईचे ओठ दिसत होते, पण ते तिच्याकडे वळलेले नव्हते. "आई, कुणाशी बोलतेस?"

ताईने स्विचवरचं बोट उचललं.

"तुझ्याशीच गं, राजा," ती माईकमध्ये म्हणाली, आणि दिव्याकडे बघत राहिली.